डब्यांतला मांडव

श्यामसुंदररावांनी पाठवलेल्या फोटोत मंदाकिनीला आधी मांडव दिसला, आणि मांडव फोटोतही बरा दिसतो असं वाटून ती क्षणभर सुखावली. ही सुखावण्याची गोष्ट तिला नंतर फार लागली. जेवणं उरकून, ओटा पुसून ती मागच्या दाराच्या पायरीवर बसली होती. मांडीवर सुतळीचा गुंडा होता, आणि वेलाचा एक चुकार शेंडा मांडव सोडून कंपाउंडच्या भिंतीकडे निघाला होता त्याला वळणावर कसं आणावं, हा विचार चालला होता. तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या रो-हाउसमधले श्यामसुंदरराव निवृत्त झाल्यापासून दिवसातून दहादा काही ना काही पाठवत, कधी सुविचार, कधी गुडघेदुखीवरचा काढा, म्हणून तिने चष्मा न लावताच उघडलं. एकामागून एक फोटो. हॉल, स्वयंपाकघर, वरच्या खोल्या, आणि शेवटी मागची जागा, वरच्या बाल्कनीतून काढलेली. चार बांबू, आडव्या काठ्या, सुतळीची जाळी आणि जाळीवर पसरलेला दुधीचा वेल. एका कडेला कुणी बाई ओणवी होऊन काहीतरी बांधत होती. पांढरा अंबाडा, पदर कमरेला खोचलेला. कोण ही बाई आपल्या मांडवापाशी, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने चष्मा लावला. वाघोलीत तीन बेडरूमचं रो-हाउस, मालक परदेशी जात असल्याने तातडीने विकणे आहे. मागे संपूर्ण फरशी केलेली ऐसपैस जागा. तात्पुरता सांगाडा काढून मिळेल. त्याखाली तिच्या मुलाचा, आमोदचा, नंबर. आणि या सगळ्याच्या खाली श्यामसुंदररावांचं वाक्य, "वहिनी, घर विकताय? बोलला नाहीत!"

"बोलण्यासारखं काय त्यात," असं तिने सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलं आणि पाठवून दिलं. ताकास तूर लागू दिली नाही. सुतळी तोडायला ती दात लावायची, तिचं तूस जिभेवर राहिलं होतं, आणि त्याची कोरडी, गोणपाटासारखी चव एकदम सगळ्या तोंडभर झाली. ती थुंकायला म्हणून उठली आणि थुंकायचं कुठं हेच तिला समजेना. सगळीकडे फरशी. स्वतःच्याच घरच्या मागच्या दारी उभं राहून माणसाला थुंकायला जागा सापडत नाही, असा एक विचार आला आणि त्याचं हसूही आलं. स्वतःचं घर म्हणे. नारायण पेठेतल्या दोन खोल्या विकल्या तेव्हा आमोद तिला सही कुठं करायची ते दाखवत होता आणि म्हणत होता, "तिकडे तुला माती मिळेल, आई. इतकी वर्षं डब्यात झाडं लावलीस." माती मिळेल या एका शब्दावर तिने सही केली होती. राहायला आली तेव्हा मागच्या जागेत भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी बसवून झालेली होती. पावसात चिखल होतो, सून तनया म्हणाली होती. खोटं नव्हतं ते. चिखल होतोच.

गेल्या रविवारचा फोटो होता. ते तिला आता आठवलं. ती खाली बांधत होती आणि आमोद वर बाल्कनीत फोन घेऊन आला होता. तिने मान वर करून विचारलं होतं, "दिसतोय का नीट?" आणि तो म्हणाला होता, "मस्त दिसतोय! तू करत राहा तुझं काम." तिला वाटलं, पोरगा मांडवाचा फोटो काढतोय, ऑफिसातल्या मित्रांना दाखवेल, आईने या वयात काय केलंय बघा. म्हणून तिने पदर जरा सारखा केला होता. फोटोत तो सारखा केलेला पदरसुद्धा स्वच्छ दिसत होता. आपल्याच विक्रीच्या फोटोला आपण पदर सारखा केला, यासारखी शोभा दुसरी नाही.

मांडवाचं मे महिन्यात निघालं होतं. दुधीचं बी तिने सासवडहून भाचीकडून आणवलं होतं आणि जेवताना सहज म्हणाली होती, की मागे मांडव घालावा. आमोदने मान वर न करता विचारलं होतं, "खणावं लागेल का?" चार खड्डे, ती म्हणाली, कोपऱ्यातल्या चार फरश्या तेवढ्या काढायच्या. तेव्हा तो घास हातात तसाच ठेवून म्हणाला होता, "फरशी नको फोडू, आई. तुझी कंबर बघ. डब्यांत उभा कर ना. आणि उगाच खर्च करू नकोस, घरात आहे त्यातच बसव. हलवता येईल असा कर म्हणजे झालं." कंबर! त्याला आपल्या कंबरेची काळजी आहे या आनंदात ती दोन दिवस होती. मग कामाला लागली. फरसाणवाल्याकडून तेलाचे चार रिकामे पत्र्याचे डबे आणले. समोरच्या बांधकामावर परांचीचे तुटके बांबू पडले होते, ते मुकादमाला विचारून एकेक करत ओढत आणले. डब्यात बांबू उभा करून भोवती खडी आणि वर चार घमेली सिमेंट, तेही त्याच बांधकामावरचं, पोत्याच्या तळाला उरलेलं. आडव्या काठ्यांना ती अडली होती. मग पेठेतून आणलेल्या लोखंडी कॉटच्या मच्छरदाणीच्या काठ्या माळ्यावर सापडल्या. तिचे यजमान यज्ञेश्वर गेल्यापासून ती मच्छरदाणी कुणी लावली नव्हती. सांधे बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, कारण सुतळी पावसात कुजते आणि तार बांबूला कापते, आणि वर जाळीला जुन्या साड्यांचे काठ पिळून केलेल्या दोऱ्या आणि सुतळी. वेलसुद्धा निळं पिंप आडवं कापून त्यात लावला होता. मातीसकट. सगळं झालं तेव्हा ती सोसायटीत ज्याला त्याला सांगत सुटली होती, जवळजवळ फुकटात केला हो, आणि फरशीला ओरखडासुद्धा नाही. श्यामसुंदरराव म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही बिल्डर व्हायला हव्या होत्या." आता एकेक शब्द तिच्यासमोर उलटा होऊन उभा राहत होता. फरशी नको फोडू. हलवता येईल असा कर. मे महिन्यातच ठरलं होतं म्हणजे. मे महिन्यात त्याला ठाऊक होतं, आणि ती घमेली वाहत होती.

कॅनडाचं तिच्या कानावर होतं, नाही असं नाही. दोन-तीन वर्षांमागे अर्ज केला होता, मग तो विषय कुणी काढला नाही, आणि न काढलेला विषय संपला असं धरून चालायची तिला सवय. यज्ञेश्वरांशी संसार करताना लागलेली. त्यांच्या घरात बोलणं फार व्हायचं आणि सांगणं काहीच व्हायचं नाही. कचेरीत सही करून घरी आले की ते आरामखुर्चीत बसून जगाची टिंगल करत, आणि त्यांना बढती नाकारली गेली हे तिला दीड वर्षाने हळदीकुंकवाला दुसऱ्याच्या बायकोकडून कळलं होतं. तेव्हाही ती म्हणाली होती, हो हो, माहितीये मला. आपलेच दात, आपलेच ओठ. पेठेतल्या गॅलरीत तिने डालड्याच्या डब्यात गोकर्ण लावली होती आणि तिच्या कळ्या मोजताना ती बोट वाकडं करायची, तर यज्ञेश्वर खुर्चीतून म्हणायचे, "बोट दाखवून कुजत असतं तर आमच्या साहेबाला मी कधीच दाखवलं असतं." तरी ती बोट वाकडंच करायची. कोवळ्या फळाकडे, कळीकडे सरळ बोट दाखवायचं नाही, फळ कुजतं, धरत नाही. दाखवायचंच तर बोट दुमडून, पेराने दाखवायचं. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं आणि त्यामागे शास्त्र काय, असं तिने कधी विचारलं नव्हतं. काही गोष्टींकडे सरळ बोट दाखवू नये, एवढं तिला कुणी न सांगताही पटत होतं.

आमोद चार-पाच वर्षांचा असताना ती त्याला घेऊन सासवडला गेली होती. माहेरच्या परसात केवढा तरी मांडव, आत शिरलं की हिरवा उजेड आणि पानांचा उग्र वास, आणि वरून लोंबणारे दुधी, कोवळे, अंगावर पांढरी लव असलेले. त्याने आनंदाने ओरडून बोट दाखवलं आणि तिने झडप घालून ते आपल्या मुठीत धरलं. हळूच दुमडलं. असं, म्हणाली, असं दाखवायचं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोराने ते बोट सरळ केलं नाही. दहीभातसुद्धा बोट वाकडं ठेवून खाल्ला, सगळीकडे सांडत, कारण आपलं बोट सरळ झालं तर कुठंतरी काहीतरी कुजेल अशी त्याला धास्ती बसली होती. झोपतानाही वाकडंच. अंधारात तिला विचारलं, "आई, माणसाला दाखवलं तर?" ती म्हणाली, "माणसाला बोट दाखवणं वाईटच. झोप." तिच्या मुठीत ते बोट होतं, गरम, दह्याने चिकट झालेलं. ती मूठ तिला या क्षणी पायरीवर बसल्या बसल्या इतकी खरी वाटली, की तिने तळवा उघडून बघितला. सुतळीने कापलेल्या रेघा होत्या, दुसरं काही नाही.

तो सांगेल. त्या दिवशी दुपारपासून तिने हे धरून ठेवलं. घर विकतोय, जातोय, आईला बरोबर नेतोय किंवा नेत नाही, जे काही असेल ते तो आपल्यासमोर बसून आपल्या तोंडावर सांगेल. आणि आपण विचारायचं नाही. विचारणं सोपं होतं. फोन त्याच्यापुढे धरून, हे काय रे, इतकंच म्हणायचं होतं. पण विचारून मिळालेलं उत्तर तिला नको होतं. विचारल्यावर देतात ती भीक. घर जाणार याचं तिला वाईट वाटत होतं, पण घरं जातात, पेठेतलंही गेलं. तिला हवं होतं ते एवढंच, की मुलाने येऊन आपण होऊन दोन वाक्यं बोलावीत. तेवढ्यावर ती काहीही सोसायला तयार होती, अगदी कुठंही जायला. हे तिला स्वतःलाच कबूल करताना लाज वाटली, इतकं ते थोडं होतं.

शुक्रवारी जेवताना तिने त्याला वाट करून दिली. आमटी वाढता वाढता म्हणाली, "दुधी काय, दिवाळीपर्यंत जाईल वाळून. मग म्हणते तोंडलीची काडी लावावी. तोंडली एकदा धरली की वर्षानुवर्षं हलत नाही." आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आमोदने भात कालवला, पुन्हा कालवला. त्याच्या कपाळावर यज्ञेश्वरांसारखीच एक उभी शीर आहे, ती दिसली आणि गेली. "लाव की," तो म्हणाला. "कुंडीत लाव पण." तनयाने फोनमधून डोकं वर काढून आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातलं. तनया वाईट मुलगी नव्हती. तिला आई म्हणायची ते तोंडदेखलं नव्हतं. जेवणानंतर ती भांडी लावायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात घुटमळली, दोन वाट्या एकात एक घातल्या, काढल्या, आणि म्हणाली, "आई, तुमच्याशी ॲक्च्युअली एक बोलायचं होतं. आमोद म्हणतो थांब, बट मला वाटतं..." तेव्हा मंदाकिनी चटकन म्हणाली, "दूध उतू जाईल बघ." दूध उतू जात नव्हतं. गॅस बारीक होता. पण सुनेच्या तोंडून ऐकायचं नव्हतं तिला. मुलगा असताना सुनेने का सांगावं? तनया गॅसकडे बघून म्हणाली, "नाही जात आहे, आई." "मग जाईल," मंदाकिनी म्हणाली, आणि ओटा पुसायला लागली. सुटल्यासारखी तनया निघून गेली. घरात तिघं माणसं आणि तिघांचीही अळीमिळी गुपचिळी, आणि प्रत्येकाला वाटतंय की आपण दुसऱ्याला दुखवत नाही आहोत.

शनिवारी दोघं बाहेर गेली होती. ती मांडवाखाली उभी राहिली. ऊन जाळीतून तुकड्यातुकड्याने खाली पडलं होतं. तीन फळं धरली होती, सगळ्यांत मोठं तिच्या मनगटाएवढं, सगळ्यांत लहान करंगळीएवढं, टोकाला वाळकं फूल तसंच चिकटलेलं. एकाएकी तिला त्या सगळ्याचा राग आला. तिने एका डब्याला पायाने ढकललं. ती अपेक्षा करत होती की तो हलणार नाही. डबा फरशीवर करकरत वीतभर सरकला, बांबू तिरका झाला, जाळी ताणली गेली आणि वेलाची पानं सळसळली. इतकं सोपं होतं. या मांडवाला आपण इतके दिवस पक्का म्हणत होतो. दोन माणसं आली तर तो पाच मिनिटांत उचलून बाहेर ठेवतील, वेल त्याच्या पिंपासकट, आणि नंतर इथं कुणी काही लावलं होतं याची खूणसुद्धा राहणार नाही, पाण्याने एकदा धुतलं की झालं. तिला आईचा मांडव आठवला, जमिनीत हातभर गाडलेल्या मेढी, त्यांना नंतर पालवी फुटली होती. तिने वाकून डबा दोन्ही हातांनी धरून पुन्हा जागेवर आणला. कंबरेत सणक गेली. हीच ती कंबर, ती मनात म्हणाली, जिची आमोदला काळजी.

रविवारी पोहे खाता खाता आमोद म्हणाला, "आई, अकराच्या सुमाराला ओळखीचे दोघं येतायत. चहा ठेवशील?"

"ओळखीचे म्हणजे कोण?"

"अगं, असेच."

"असेच येणाऱ्यांना साखर किती लागते?" तिने विचारलं. तो हसला. तिची ही बोलण्याची तऱ्हा त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली, की तिच्यात कधी काही टोचतही असेल हे त्याच्या गावी नव्हतं. ती पुढे बोलली नाही. अजून तासभर होता. तासाभरात माणूस पुष्कळ सांगू शकतो. तो उठला, पायपुसणं झटकलं, हॉलमधल्या उश्या सारख्या केल्या, मागच्या दाराशी येऊन मांडवाकडे बघितलं आणि परत गेला. दोनदा तिला वाटलं, आता येईल. दुसऱ्यांदा तर तो स्वयंपाकघराच्या दारात उभाच राहिला. म्हणाला, "चांगले कप काढ हं."

पांढरी मोठी गाडी आली. विक्रम म्हणून तिशीचा, गळ्यात साखळी, कानाला फोन लावलेला मुलगा, आणि त्याची आई मैनाबाई. मैनाबाई जाडजूड, भारी काठाची साडी नेसलेल्या, हातभर बांगड्या. पण चपला बाहेर काढताना त्यांनी उंबऱ्याला हात लावला, तो मंदाकिनीने पाहिला. हॉल त्यांनी बघितला न बघितल्यासारखा केला, तनया किचन ट्रॉली ओढून दाखवत होती तिथंही फार थांबल्या नाहीत. "मागल्या अंगाला काय हाय?" म्हणाल्या आणि सरळ चालत दाराशी आल्या.

"तिथला तो सांगाडा आम्ही काढून देऊ, काळजी करू नका," मागून आमोद म्हणाला.

"आता गं बया! मांडव!" मैनाबाई पायरीवरच थांबल्या. "कुनी घातला ह्यो?" आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरून त्यांनी एक बांबू हाताने दाबून बघितला, ट्यूबच्या गाठीवरून अंगठा फिरवला. "काकू, तुमी बांदला? हितंच, आक्षी हितंच आमचा दोडक्याचा मांडव व्हता बघा. मामंजींनी घातल्याला. ही समदी सोसायटी आमच्याच मळ्यात हाय. तिकडं ती जिम हाय न्हवं, तिच्याखाली आमची हीर." त्या हसल्या, पण हसू तोंडाच्या एकाच बाजूला राहिलं. "इकताना कळालं न्हाई. आता पोराला हितंच घर बघती."

"आई, पार्किंग बघू ना चल," विक्रम म्हणाला.

"थांब रं. साहेब, ह्यो काडू नगा. घर घ्येतलं तर मांडवासकट घिऊ."

आमोदचा चेहरा उजळला. मंदाकिनी हातात चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती आणि त्याचा चेहरा उजळताना तिने सगळा बघितला. "राहू दे की!" तो म्हणाला. "आमच्या आईनेच केलाय. अगदी कमी खर्चात. आणि धरलाय पण किती छान! हा बघा, हा मोठा, तो मधला, आणि तिकडे तो छोटा..." त्याचं बोट लांब, सरळ, एका फळावरून दुसऱ्यावर गेलं. तिचा हात आपोआप उठला. ट्रे हातात होता म्हणून कप एकमेकांवर वाजले, बशीत चहा सांडला. ती तिथंच राहिली. पण मैनाबाईंनी पुढे होऊन आमोदचं बोट पकडलं होतं, परक्या, शिकलेल्या, चाळिशीच्या पुरुषाचं बोट, काही संकोच न करता, आणि दुमडलं होतं. "आवं साहेब, कवळ्या फळाला आसं सरळ बोट दावत्यात व्हय? कुजतं की ते."

"हो, हो, आईसुद्धा म्हणते असं काहीतरी," आमोद हसत म्हणाला.

मैनाबाई चहा घेता घेता पिंपातल्या मातीत बोट खुपसून ओल बघत होत्या. "तुमच्या हाताला गुन हाय, काकू," म्हणाल्या आणि मग अगदी सहज, पुढचं विचारावं तसं, "आन् तुमी कुटं जानार आता? ह्यांच्यासंगं, परदेशात?"

तीन दिवस या घरात हा प्रश्न कुणी तोंडातून काढला नव्हता. तो असा बाहेरच्या बाईने चहाच्या घोटाबरोबर विचारला. आमोद घाईने म्हणाला, "आईसाठी फार सुंदर जागा बघितलीये. डोंगराच्या पायथ्याशी. सगळे तिच्याच वयाचे, डॉक्टर आहे, मोठी बाग आहे. माळीसुद्धा आहे." हे सगळं तो मैनाबाईंना सांगत होता. तिच्याकडे त्याची पाठ होती. आपण कुठं जाणार ते तिला असं कळलं. माळी आहे म्हणजे हात लावायचं काम नाही, एवढाच पहिला विचार तिच्या डोक्यात आला, बाकीचं नंतर यायचं होतं.

"माझं काही अडत नाही हो," मंदाकिनी म्हणाली. आवाज साखर विचारण्याचाच होता. "मी तात्पुरतीच आहे. काढून मिळेन. जाहिरातीत लिहिलंय की."

विक्रम हसला, त्याला वाटलं काकू विनोदी आहेत. आमोदच्या हातातला कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. मैनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपला कप खाली ठेवला, तो तसाच अर्धा. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "चल इक्रम. कळवू म्हनं." जाताना मांडवाखालून गेल्या त्या वाकून, फळांना डोकं लागू न देता.

ती कप विसळत होती तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला. येणार हे तिला ठाऊक होतं. नळ तिने बारीक केला, पाण्याच्या आवाजात काही निसटायला नको म्हणून. इतका वेळ आत गच्च धरलेलं सगळं सैल व्हायला लागलं होतं, आणि ते ती थांबवू शकत नव्हती. त्याने नुसतं म्हणावं. एका वाक्यात म्हणावं. ती म्हणणार होती, जा रे, तुमचं आयुष्य आहे, मी राहीन डोंगराच्या पायथ्याशी. शब्दसुद्धा तयार होते तिच्याजवळ.

"आई," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

ती वळली. हात ओले होते ते तिने पदराला पुसले.

"तू कितीदा सांगितलंस लहानपणी. सरळ बोट दाखवलं गं मी. लक्षातच राहिलं नाही." आणि त्याने ते बोट दुमडून तिच्यापुढे धरलं, सासवडला धरलं होतं तसं, थोडं हसून. बोटावर आता केस होते, अंगठी होती. तिने त्या बोटाकडे बघितलं आणि वाट बघितली. वाक्य पुढे जाईल, इथं संपणार नाही असं तिला वाटत होतं. त्याने ओट्यावरचा एक कोरडा कप उचलून दुसऱ्या जागी ठेवला. मग आतून त्याचा फोन वाजला आणि तो गेला. "हो हो, बोला ना, मैनाताई," असं तिला ऐकू आलं.

संध्याकाळी तिने सुरी घेतली आणि मांडवाखाली जाऊन तिन्ही दुधी काढले, त्याने दाखवले होते त्याच क्रमाने, मोठा, मधला आणि करंगळीएवढा. कुजायच्या आत काढलेले बरे. लहान्यात चिरण्यासारखं काही नव्हतं, तो विळीवर धरला तोच संपला. मूगडाळ घालून, वर ओलं खोबरं घालून तिने भाजी केली. इतक्या कोवळ्या दुधीची भाजी शिजायला वेळ लागत नाही. घराचं नक्की झाल्यामुळे आमोद मोकळा मोकळा बोलत होता, तनया ताटाकडे बघत जेवत होती. त्याने दोनदा भाजी मागून घेतली.

"घरच्या वेलाची चवच वेगळी, नाही?" तो म्हणाला.

"हो ना," मंदाकिनी म्हणाली, आणि उरलेली सगळी त्याच्या पानात वाढली.